वाचकांचे प्रश्न : ट्रकच्या फाळक्यावरची चित्रे

गेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर एका जुन्या ट्रकच्या फाळक्याचे, म्हणजे हौद्याच्या मागच्या फळीचे, छायाचित्र होते. मधोमध कमळ, दोन्ही बाजूंना मोर आणि खाली ठसठशीत पिवळ्या अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : ट्रकवरची चित्रे ड्रायव्हर आपल्या आवडीने काढून घेतात, असे आम्ही लहानपणापासून समजत आलो. हे काम प्रत्यक्षात कोण करवून घेते आणि ते कसे केले जाते? (एक वाचक, सातारा)

पैसे मालकाचे, हात पेंटरचा आणि मुहूर्त बहुधा पासिंगचा, म्हणजे आरटीओच्या तपासणीचा, असा हा व्यवहार आहे. ड्रायव्हर स्वतःच मालक असेल तर तो आपली आवड सांगतो. पगारी ड्रायव्हरच्या वाट्याला फार तर केबिनची आतली बाजू येते आणि तेथे देवाचा फोटो, झालर, गोंडे व रंगीत दिवे लावून तो आपली हौस भागवतो. बाहेरच्या चित्रांवरून ड्रायव्हरच्या स्वभावाचे निदान करणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. ते बेतानेच घ्यावेत.

हे समजण्यासाठी ट्रक कसा तयार होत असे ते पाहावे लागते. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांच्यात १९५४ मध्ये सहकार्याचा करार झाला आणि त्यानंतरची कित्येक दशके टाटा किंवा अशोक लेलँडचा ट्रक घेणे म्हणजे प्रामुख्याने चासी घेणे असे. इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढेच कारखान्यातून मिळे. डोक्याला फडके गुंडाळून, उघड्या चासीवर बसून निघालेला ड्रायव्हर अनेक वाचकांनी महामार्गावर पाहिला असेल; तो ती चासी बॉडी बिल्डरकडे नेत असे. पंजाबात सरहिंद आणि तमिळनाडूत नामक्कल ही या कामाची नावाजलेली ठिकाणे, पण लहानमोठ्या शेड महाराष्ट्रातील बाजारपेठांच्या गावांबाहेरही होत्या. तेथे सुतार केबिन आणि हौदा बांधी, वेल्डर पट्ट्या मारी, गादीवाला सीट शिवे आणि सर्वांत शेवटी गाडी पेंटरच्या ताब्यात जाई. कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या गाड्या या शेडमधून वेगवेगळे चेहरे घेऊन बाहेर पडत.

पुढे ही चित्रे पासिंगच्या चक्राला बांधली जातात. सध्याच्या नियमानुसार मालवाहू वाहनाचे फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी नवे करून घ्यावे लागते. तपासणीला गाडी नीटनेटकी दिसावी म्हणून आधी पत्र्याची आणि सुतारकामाची डागडुजी होते, मग रंगाचा हात फिरतो आणि त्याबरोबर जुन्या चित्रावर नवे चित्र चढते. ही कला जन्मतःच अल्पायुषी आहे. कारागिराचे जुने काम त्याच्याच हाताने झाकले जाते, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा मोर कसा होता हे पाहायचे असेल तर छायाचित्रांकडेच जावे लागते.

कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. आधी लाल ऑक्साइडचा प्रायमर, मग पायाचा रंग. अक्षरांची ओळ आखण्यासाठी खडूची पूड लावलेली दोरी दोन टोकांना ताणून, मध्ये उचलून आपटतात. सरळ पांढरी रेघ उमटते आणि अक्षरे वाळल्यावर ती फडक्याने पुसून टाकतात. कमळाच्या पाकळीसाठी पेंटर चपट्या ब्रशच्या एका कोपऱ्याला गडद गुलाबी आणि दुसऱ्याला पांढरा ऑइल पेंट घेतो आणि मनगट वळवत एकच फटकारा मारतो. गडद कडेपासून फिकट पोटापर्यंतची सगळी छटा त्या एका फटकाऱ्यातच उतरते. त्यावर दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की रंग मळतो. अक्षरांना सावली द्यायची ती सगळ्यांना एकाच बाजूला द्यावी लागते आणि ‘इ’, ‘क्ष’ यांसारख्या वळणदार अक्षरांपाशी शिकाऊ हात हमखास उघडा पडतो. काम संपले की फाळक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटर आपले नाव आणि मोबाइल क्रमांक टाकतो. ती सहीही असते आणि जाहिरातही.

प्रश्न : देशभरात फिरावे तेथे तेच मोर, तेच कमळ, तीच गाय आणि तोच डोंगरामागचा सूर्य. कल्पकतेचा हा दुष्काळ का? (एक वाचक, नागपूर)

‘दुष्काळ’ हा शब्द आम्हाला जरा कठोर वाटतो. पेंटरला ठरलेल्या पैशांत आणि ठरलेल्या वेळेत काम संपवायचे असते, कारण गाडी उभी राहिली की मालकाचे भाडे बुडते. त्यामुळे न बघता हातातून उतरतील अशीच चित्रे त्याच्या संग्रहात टिकतात. त्यातून ट्रक आज मराठी मुलखात तर चार दिवसांनी बंगालमध्ये असतो. मोर, कमळ, वाघ, गरुड, घोडा आणि गाय-वासरू कोणत्याही प्रांतात आणि कोणत्याही धर्माच्या मालकाला चालून जातात. हमरस्त्यावरची चित्रे सर्वांना चालणारी असावी लागतात.

या चित्रांचे मूळ शोधायचे तर दोन वाटांनी मागे जाता येते. पहिली वाट छापील चित्रांची. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या शिळाछापांनी लक्ष्मी, सरस्वती आणि श्रीकृष्ण घराघरांत नेले. पुढच्या काळात रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकारांच्या कॅलेंडरांनी गुलाबी कांतीच्या, तजेलदार डोळ्यांच्या देवतांची सवय मराठी घरांना लावली. कामधेनूच्या अंगावरची गुळगुळीत छटा किंवा सूर्यास्ताचा नारिंगी-जांभळा उतार पेंटरने शाळेत शिकलेला नसतो, तो कॅलेंडरवरून आणि सिनेमाच्या बॅनरवरून उचललेला असतो. दुसरी वाट आमच्या मते अधिक जुनी आहे, ती बैलगाडीची. पोळ्याला शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावायची, कपाळावर बाशिंग बांधायचे, पाठीवर झूल टाकायची, गळ्यात घुंगरमाळ घालायची, ही ओझे वाहणाऱ्याला सजवण्याची रीत ट्रकच्या आधीपासून आपल्याकडे आहे. ट्रकच्या कपाळावरची झालर, आरशाला लटकणारे लोकरीचे गोंडे आणि दसऱ्याला बंपरवर चढणारी झेंडूची माळ पाहिली की धनी तोच असून फक्त जनावर बदलले आहे, असे वाटते.

दृष्ट काढण्याच्या खुणांचा हिशेब वेगळा. बंपरखाली लटकणारी जुनी चप्पल, काळी बाहुली, लिंबू-मिरची आणि मागच्या बाजूला रंगवलेले सुळेवाले राक्षसाचे तोंड या गोष्टींना सौंदर्याशी देणेघेणे नाही. नव्या रंगवलेल्या गाडीवर लोकांची नजर खिळणार हे गृहीत धरून त्या लावलेल्या असतात. म्हणजे चित्राचे कौतुक होणार, याचीच ही आगाऊ दखल.

प्रश्न : ‘हॉर्न ओके प्लीज’ला महाराष्ट्रात बंदी आहे, मग ते अजून दिसते कसे? आणि हा मजकूर मुळात लिहावाच का लागला? (दोन वाचक, ठाणे व परभणी)

मागच्या गाडीने हॉर्न वाजवावा ही विनंती एके काळी अगदी व्यवहारी होती. रस्ता एकपदरी, दोन्ही बाजूंना मातीची साइडपट्टी, हौद्यावर उंच रचलेला माल आणि त्यावर ताडपत्री. केबिनमध्ये इंजिनाचा एवढा आवाज की शेजारी बसलेल्या क्लीनरशीही ओरडून बोलावे लागे. अशा वेळी मागे कोणी आहे हे ड्रायव्हरला कळण्याचा भरवशाचा मार्ग हॉर्न हाच होता. मधल्या ‘ओके’बद्दल महायुद्धातील इंधनापासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत अनेक कथा सांगितल्या जातात. त्या ऐकायला रंजक आहेत, पुरावा म्हणून कोणी मांडू नयेत.

महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने एप्रिल २०१५ मध्ये हा मजकूर व्यापारी वाहनांवर लिहिण्यास मनाई केली. तो विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन देतो आणि ध्वनिप्रदूषण वाढवतो, हे त्यामागचे कारण होते. आदेश महाराष्ट्रापुरता असल्याने अन्य राज्यांत नोंदलेले ट्रक तोच मजकूर घेऊन येथे येतात, आणि येथल्या पेंटरचा हातही एका परिपत्रकाने थांबत नाही. आदेशाचा हेतू योग्य होता, असेच आम्हाला वाटते. चौपदरी महामार्ग आणि मोठे आरसे आल्यावर त्या विनंतीची गरज उरलेली नाही. पण हॉर्नचा गोंगाट फाळका वाचून होतो, यावर आमचा फारसा विश्वास नाही.

या मजकुराच्या शेजारी बसलेल्या इतर ओळीही लक्षात घ्याव्यात. ‘हम दो हमारे दो’ हे कुटुंबनियोजनाचे घोषवाक्य आणि १९६५ मधील लालबहादूर शास्त्रींचे ‘जय जवान जय किसान’ ही सरकारी प्रचारातून आली आणि फाळक्यांवर मुक्कामाला राहिली. ‘यूज डिपर अॅट नाइट’ ही रात्री दिव्याने इशारा करण्याची सूचना ड्रायव्हरांच्या इतकी तोंडपाठ होती की, टाटा मोटर्स आणि टीसीआय फाउंडेशन यांनी २०१६ मध्ये ट्रकचालकांसाठी निरोध आणले तेव्हा त्यांना ‘डिपर’ हेच नाव दिले. मराठी मजकूर मात्र लांब पल्ल्याच्या ट्रकवर कमी आणि गावाकडच्या टेम्पो-ट्रॅक्टरवर जास्त आढळतो. ‘आई-वडिलांची पुण्याई’, ‘जय मल्हार’, ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हे वाचणारा माणूस जवळचाच असणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

प्रश्न : पाकिस्तानातील ट्रकांची छायाचित्रे पाहिली की आपले ट्रक त्यांच्यापुढे अगदीच साधे वाटतात. हा फरक कशामुळे? (एक वाचक, पुणे)

तुलना करायची तर दोन्हीकडचा माल वेगळा आहे हे आधी मान्य करावे लागेल. कराची, रावळपिंडी, पेशावर आणि क्वेट्टा येथील कारखान्यांत ट्रकची रचनाच सजावटीसाठी बदलली जाते. केबिनच्या माथ्यावर नावेच्या नाळेसारखा पुढे झुकलेला ‘ताज’ उभारतात, दरवाजे कोरीव लाकडाचे करतात, ठोकून उठाव दिलेला पत्रा बसवतात आणि ‘चमक पट्टी’ म्हणजे चकाकणाऱ्या रंगीत चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापून नक्षी जुळवतात. बंपरखाली साखळ्यांना टांगलेल्या पत्र्याच्या पानांच्या छुमछुमाटामुळे अफगाणिस्तानातील अमेरिकी सैनिक या गाड्यांना ‘जिंगल ट्रक’ म्हणू लागले. तेथील जुने बेडफर्ड ट्रक या कामासाठी विशेष गाजले. कराचीचे कलावंत हैदर अली यांनी २००२ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन लोकजीवन महोत्सवात ट्रक रंगवला आणि या कलेला जगभर नाव मिळाले.

आपल्याकडे चित्राला जागाच कमी मिळाली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी नॅशनल परमिटच्या ट्रकसाठी वाळक्या पानासारखा तपकिरी रंग आणि त्याला पांढरी किनार ठरवून दिली होती. महामार्गावरचे ट्रक बहुतेक तपकिरी-नारिंगी का, याचे उत्तर त्या नियमात आहे. सगळे अंग असे सरकारी रंगाने व्यापल्यावर पेंटरकडे उरला तो केबिनचा माथा, दरवाजे, डिझेलची टाकी, हौद्याच्या पट्ट्या आणि फाळका. त्यातही एका दरवाजावर मालकाचे नाव-गाव आणि गाडीच्या रिकाम्या व भरलेल्या वजनाचे आकडे लिहावे लागतात. या कोंडीतून आपल्या ट्रकची खास शैली घडली, असे आमचे मत आहे. पाकिस्तानी ट्रक सगळीकडून सारखाच बोलतो, तर आपला ट्रक पाठीमागून बोलतो. म्हणून आपल्याकडे चित्रापेक्षा अक्षर वरचढ ठरले आणि मागून येणाऱ्याने काही किलोमीटर वाचत जावे असा फाळका तयार झाला. साधेपणाबद्दल खंत करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. सीमेपलीकडचा आणखी एक दाखला द्यायचा तर ढाक्यातील रिक्षा आणि रिक्षाचित्रे २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तेथेही सायकलरिक्षाच्या मागच्या छोट्या पत्र्यावरच चित्रकारांनी नाव कमावले आहे.

प्रश्न : ही कला मरत चालली आहे का? (अनेक वाचक)

लांब पल्ल्याच्या ट्रकवरून ती वेगाने उतरत आहे. कारण चासीपेक्षा कारखान्यातच बांधलेल्या केबिनचे ट्रक आता सर्रास विकले जातात, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाल्याने सुताराच्या हातच्या केबिनला पुन्हा जागा मिळेल असे दिसत नाही. लाकडी हौद्याच्या जागी पोलाद आले, उघड्या हौद्याच्या जागी कंटेनर आले, आणि एकाच कंपनीच्या शेकडो गाड्यांवर एकच बोधचिन्ह लागते. जेथे मालक एकटा आहे तेथे अजून मागणी असते, परंतु तेथेही संगणकावर कापलेले व्हायनलचे स्टिकर स्वस्त आणि झटपट पडतात. स्टिकरमधले अक्षर चुकत नाही; पण जुन्या पेंटरच्या अक्षराला जी ऐट असे, ती त्यात सापडत नाही. अशा हातच्या अक्षरांचे मोल कलावंत हनिफ कुरेशी यांनी ओळखले होते. निरनिराळ्या शहरांतील साइनबोर्ड पेंटरांची वळणे जमवून त्यांतून संगणकीय टंक घडवण्याचा ‘हँडपेंटेड टाइप’ हा त्यांचा प्रकल्प, टंकाला त्या त्या पेंटरचे नाव देत असे. कलावंताचे श्रेय कलावंताला देण्याची ही रीत आम्हाला फार योग्य वाटते.

मात्र सगळे संपले असे समजून शोक करणाऱ्यांनी उसाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उभे राहावे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, ट्रॉलीच्या मागच्या फळीवर आणि बैलगाडीच्या साटीवरही रंगाचा जोर तेथे पूर्वीइतकाच आहे. मुलांची नावे, कुलदैवत, वाघ, शिवरायांची मुद्रा आणि वाचणाऱ्याला डिवचणारी एखादी ओळ असा तो ऐवज असतो. जुन्या पद्धतीचे ट्रक पाहायचे असतील तर कळंबोलीचा पोलाद बाजार, वडाळ्याचा ट्रक तळ आणि निगडीचे ट्रान्सपोर्टनगर येथे सकाळी जावे. छायाचित्र घेण्यापूर्वी ड्रायव्हरला विचारावे. बहुतेक जण हसून होकार देतात.

प्रश्न : माझ्या पिकअप गाडीच्या मागे असे चित्र काढून घ्यायचे आहे. कायद्याची अडचण येईल का? (एक वाचक, अहिल्यानगर)

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना आळा घातलेला आहे. गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो, तेव्हा मूळ रंगच बदलणार असाल तर आधी आरटीओकडे त्याची नोंद करून घ्यावी. मूळ रंग तसाच ठेवून फाळक्यावर कमळ-मोर काढण्याने सहसा कोणी अडवत नाही. नंबरप्लेट, दिवे आणि मागची लाल परावर्तक पट्टी यांवर रंगाचा थेंबही जाऊ देऊ नये, आणि पुढच्या काचेवर दृष्टी अडेल अशी झालर लावू नये. दुकानाची जाहिरात लिहायची असल्यास तिचे नियम वेगळे आहेत. त्याची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

प्रश्न : भंगारवाल्याकडून जुन्या ट्रकचा रंगवलेला लाकडी फाळका मिळाला आहे. रंगाचे पोपडे सुटत आहेत. पॉलिश पेपर मारून त्यावर वॉर्निश द्यावे का? (एक वाचक, इचलकरंजी)

पॉलिश पेपर अजिबात मारू नये. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि नारिंगी रंगांत, शिसे असण्याची दाट शक्यता असते, कारण घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घासल्यावर उडणारी पूड श्वासावाटे पोटात आणि फुप्फुसात जाते आणि लहान मुलांना ती अधिक घातक ठरते. शिवाय रंगाच्या थरांखाली याच फाळक्यावरची आधीची चित्रे असू शकतात. घासल्याने तीही नष्ट होतील.

फाळका आडवा ठेवून मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढावी आणि ती ओल्या फडक्यावर टिपून घ्यावी. पाण्याने धुऊ नये. लाकूड फुगते आणि सुटू लागलेला रंग उचलला जातो. टर्पेंटाइन किंवा थिनरचा बोळाही फिरवू नये. सुटलेले पोपडे चिकटवायचे काम कलासंवर्धन जाणणाऱ्या माणसाकडून करून घेणे उत्तम. वॉर्निशचा मोह टाळावा, कारण बाजारातले साधे वॉर्निश काही वर्षांत पिवळे पडते आणि मग ते रंगाला धक्का न लावता काढणे फार अवघड जाते. लाकडात बारीक भोके आणि खाली पिठासारखी पूड दिसत असेल तर ती कीड आहे. फाळका घरातील इतर लाकडी सामानापासून दूर ठेवून आधी त्याचा बंदोबस्त करावा.

बिजागऱ्या, साखळीच्या कड्या आणि बोल्ट गंजलेले असले तरी काढून टाकू नयेत, ते वस्तूचाच भाग आहेत. कोपऱ्यात पेंटरचे नाव वाचता येत असेल तर त्याचे जवळून छायाचित्र काढून ठेवावे, कारण सर्वांत आधी कडेचाच रंग जातो. भिंतीवर लावायचे असल्यास थेट ऊन आणि पावसाची ओल येणारी भिंत टाळावी, फाळका आणि भिंत यांत हवा खेळेल एवढी फट ठेवावी आणि सारा भार वरच्या खिळ्यांवर न टाकता खालून लोखंडी कोनांचा आधार द्यावा.